हाताचं पान

नारळी पौर्णिमेच्या सकाळी बापू तांडेल बाथरूमची कडी आतून लावून, कमोडच्या बंद झाकणावर बसून, डाव्या हाताने शेंगदाणे खात होते. खात होते म्हणजे खायची धडपड करत होते. दाणा चिमटीत यायचा, हनुवटीपर्यंत सुखरूप पोचायचा आणि तोंडाच्या दारात हात असा काही थरथरायचा, की दाणा फरशीवर उडी मारून मोकळा. पायाशी दाण्यांचा सडा पडला होता. पोटात मात्र दोन-चारच गेले असतील.

"बापू, आत बरं आहे ना?" बाहेरून सुलभाने विचारलं.

"बरं आहे. यल्ला, जा तू."

"दाणे संपले असतील तर आणखी देऊ का?"

या थोरल्या सुनेपासून घरात काही म्हणजे काही लपून राहत नसे.

फेब्रुवारीत बापूंना पक्षाघाताचा झटका आला होता. डॉक्टर म्हणाले, माइल्ड आहे. डॉक्टरचं काय जातं म्हणायला? उजवा हात मांडीवर पडला तो पडलाच, आणि डाव्याला आधीपासूनच कंप होता. तेव्हापासून दुपारी आणि संध्याकाळी सुलभा बापूंच्या खोलीचं दार लावून घ्यायची आणि त्यांना भरवायची. घरात सांगायचं ते असं, की बापूंना पथ्य आहे, ते आधीच जेवून घेतात. तिचा नवरा श्रीनाथ सकाळी शारजाच्या घरून दुबईत, देऱ्यातल्या दुकानात जायचा तो बापू झोपल्यावर परतायचा. नात समिधा शाळेत नाहीतर ट्यूशनला. राहता राहिला शुक्रवार, श्रीनाथच्या सुट्टीचा. त्यावर बापूंनी शुक्रवारचा कडक उपास धरला होता. म्हातारपणी वडील देवाधर्माला लागले म्हणून श्रीनाथ मित्रांत कौतुकाने सांगायचा. ज्या माणसाच्या एका हाकेसरशी दुबईच्या खाडीवरचे नाखवे बोटीवरून खाली उतरायचे, तो माणूस लहान मुलासारखा सुनेच्या हातून जेवतो, हे जगात दोघांनाच ठाऊक होतं. बापूंना ते तसंच राहायला हवं होतं.

आज मात्र चारचौघांत जेवायचं होतं. आणि नुसतं जेवायचं नव्हतं, हाताच्या पानावर जेवायचं होतं.

हे पान घराण्याच्या मूळपुरुषाचं, रामजी तांडेलांचं. रामजी मराठ्यांच्या आरमारात होते, गुराबेवर, म्हणजे लढाऊ गलबतावर. दर्यात झुंज झाली आणि तोफेच्या गोळ्याने त्यांचा उजवा हात कोपरापासून नेला. त्या काळी जखमी खलाशांना सरकारातून काही ना काही मिळे. कुणाला जमीन, कुणाला रोकड. रामजींच्या वाट्याला आलं ते जेवणाचं पान. दर नारळी पौर्णिमेला किल्ल्याच्या कोठीतून एक पान त्यांच्या घरी येई. पुढे सरकार गेलं, आरमार गेलं, किल्ल्याच्या कोठीत बकऱ्या बसू लागल्या. पण तांडेलांनी भरपाई काही थांबू दिली नाही. सरकार देत नाही ना, मग आमची आम्हीच देतो, असं म्हणून पिढ्यान्‌पिढ्या ते स्वतःच स्वतःला पान वाढत आले.

रिवाज असा: घरच्या कर्त्याने पाटावर बसायचं, उजवा हात उपरण्याने पाठीमागे बांधून घ्यायचा आणि डाव्या हाताने पान संपवायचं. त्याने पहिला घास घेतल्याशिवाय कुणी अन्नाला शिवायचं नाही. पानाबाहेर एक शीत जरी पडलं तरी त्याने उठायचं आणि पुढच्याने बसायचं. जो पान संपवील त्याचा शब्द वर्षभर चालायचा, घरात, धंद्यात आणि सोयरिकीत. तरुणपणी बापूंनी सख्ख्या चुलतभावाला एका वालाच्या दाण्यापायी पाटावरून उठवलं होतं. तेव्हापासून पान बापूंकडे होतं.

त्यांना ते आणखी एक वर्ष हवं होतं. खुर्चीचा मोह नव्हता असं नाही. पण खरी गोष्ट वेगळी होती. देऱ्यातलं दुकान, म्हणजे दोरखंड, नांगर, ताडपत्री, बोटींना लागेल ते सगळं. धाकट्या धनंजयला ते विकायचं होतं आणि इंटरनॅशनल सिटीजवळ चिन्यांचं मोठं होलसेल मार्केट होतंय तिथे गाळा घ्यायचा होता. थोरला श्रीनाथ म्हणायचा, बापूंचं दुकान विकणाऱ्याचं तोंड बघणार नाही. बापू पाटावर होते तोवर दोघे दबून होते. बापू उठले की श्रीनाथ वयाच्या जोरावर बसणार, धनंजय ते मानणार नाही, आणि मग दोघे भाऊ एकमेकांच्या घरी जायचे बंद होणार. दुकान राहो नाहीतर जावो, हे बंद होणं बापूंना बघायचं नव्हतं. म्हणून शेंगदाणे.

*

स्वयंपाकघरात गिरिजाआत्यांचा वेगळाच धोशा चालला होता. बापूंची ही धाकटी बहीण गावाहून व्हिजिट व्हिसावर आली होती आणि आल्यापासून दिसेल त्या वस्तूचे रुपये करत होती.

"केवढ्याला म्हणालीस हे केळीचं पान?"

"पाच दिरहॅम, आत्या. केरळी दुकानातून आणलं."

"पाच दिरहॅम, म्हणजे साठ रुपये! साठ रुपयांत गावाला केळ येते गो, घडासकट!"

"घड नकोय आत्या, पान हवंय," सुलभा हसली आणि पातेल्यावरचं झाकण उचलून बघितलं.

बापू हळूच येऊन दाराशी उभे राहिले. आत्यांची पाठ वळलेली बघून त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, "भात कसा केलायस?"

"चिकट तांदूळ घेतलाय. मुदी घट्ट दाबून ठेवते. अळूवड्यांचे लहान तुकडे केलेत. उसळीला रस नाही. आमटी वाटीत, वाटी पानाच्या मधोमध."

"आणि कोशिंबीर?"

"कोशिंबीर आज बिघडली," सुलभा शांतपणे म्हणाली. बापूंनी मान डोलावली. अशी सून असल्यावर माणसाने दोन्ही हात गमावायलाही हरकत नाही, असं क्षणभर त्यांच्या मनात आलं.

"काय कुजबुज चाललीये रे दोघांची?" आत्यांनी वळून विचारलं. "आणि बापू, यंदा मी तुझ्या पानासमोर बसणार. शीत पडलं की पडलं म्हणणार. भाऊ म्हणून सोडायची नाही."

"तू कधी सोडलंयस?"

"उजवा हात बरा आहे ना आता? मला तर तो हलताना दिसत नाही."

"आज बांधायचाच आहे तो. हलून काय करायचंय?" बापू म्हणाले आणि तिथून सटकले.

*

धनंजय आला तो दीड वाजता. अल बर्शाहून निघून त्याला दोन तास झाले होते आणि त्यातला निम्मा वेळ अल नहदाच्या सिग्नलवर गेला होता. बरोबर बायको सुरुची होती आणि तिच्या मागे बूट काढत उभा असलेला एक पाहुणा.

"बापू, हे रफिकभाई. आपल्या खाडीपलीकडच्या गावचे. नव्या मार्केटमध्ये गाळा घेतायत, शेजारचा गाळा आपल्यासाठी धरून ठेवलाय."

"अस्सलाम आलेकुम, बापू," रफिकने वाकून हात पुढे केला. उजवा हात मिळणार नाही हे लक्षात आल्यावर त्याने अदबीने तो स्वतःच्या छातीवर ठेवला. "तुमचं नाव लहानपणापासून ऐकतोय. माझे वालिद तुमच्याकडून दोर घ्यायचे."

"दोर चांगला होता ना?"

"एकदम! अजून घरी आहे. कपडे वाळत घालायला."

बापूंना माणूस आवडला. आवडला म्हणूनच जास्त चडफडले. धनंजयने आजच्याच दिवशी याला आणायचं काय कारण होतं? कारण उघड होतं. धाकट्याने ओळखलं होतं की बापू यंदा डळमळणार. बापू उठले तर पाटावर कुणी बसायचं याचा वाद पाहुण्यासमोर निघेल, आणि पाहुण्यासमोर श्रीनाथ भांडणार नाही. आपलाच मुलगा, बापूंनी मनात म्हटलं. चाल मात्र चांगली खेळलाय.

श्रीनाथही काही कमी नव्हता. सोफा बाल्कनीत ढकलता ढकलता तो आत्यांना म्हणत होता, "आत्या, रिवाज रिवाज आहे. थोरल्यानंतर थोरला. तूच सांग या लोकांना."

"मी कशाला सांगू? तुमच्या दुकानातून मला काय, एक सुतळीचा तोडा मिळालाय का कधी?"

"या खेपेला देतो. नायलॉनची देतो."

"आत्या," सुरुचीने पर्समधून अत्तराची बाटली काढून त्यांच्या हातात ठेवली, "तुमच्यासाठी. ह्यांनी खास आणलंय."

आत्यांनी बाटली नाकाशी नेली. "केवढ्याची?"

"ऐंशी दिरहॅम."

आत्यांचे ओठ हलले. त्यांना पाढा आठवायला थोडा वेळ लागला. "हजार रुपये!" त्या म्हणाल्या, बाटली कनवटीला गेली आणि त्या उठून श्रीनाथच्या बाजूच्या खुर्चीवरून धनंजयच्या बाजूच्या खुर्चीवर जाऊन बसल्या. बापूंनी ते पाहिलं. सुलभानेही पाहिलं आणि दोघांनी एकमेकांकडे बघायचं टाळलं, कारण हसू आलं असतं.

*

हॉलच्या मधोमध पाट मांडला होता. पाटासमोर ते साठ रुपयांचं पान. बाकीच्यांना ताटं. पानावर नारळीभाताच्या दोन मुदी, अळूवडी, काळ्या वाटाण्याची उसळ, भजी, आणि मधोमध आमटीची वाटी. आत्या पानासमोर मांडी घालून बसल्या होत्या आणि चष्मा पुसत होत्या.

"बापू, चला," श्रीनाथ म्हणाला.

"बापू, जमणार ना?" धनंजयने विचारलं. "नसेल जमत तर तसं सांगा. नो प्रॉब्लेम. आपण काहीतरी ठरवू."

"काहीतरी म्हणजे?" श्रीनाथने विचारलं.

"काहीतरी म्हणजे काहीतरी, दादा."

बापूंचा डावा हात मांडीखाली दाबलेला होता. सकाळपासून शेंगदाण्यांनी जे सांगितलं होतं ते आता अंगभर कळत होतं. पहिली मुद फुटेल, घास उचलला जाईल, वाटेत हात उड्या मारील, आणि तांदूळ कितीही चिकट असला तरी आत्यांचा चष्मा त्याहून चिकट होता. पोरांदेखत, पाहुण्यादेखत. वेळ काढायला हवा होता. किती आणि कशासाठी, ते त्यांचं त्यांनाही माहीत नव्हतं.

"अरे, रफिकभाई पहिल्यांदाच आलेत," ते एकदम म्हणाले. "त्यांना कागद नीट ऐकवा. समिधा, ती फ्रेम काढ. आणि आज सगळा वाच. अथपासून इतिपर्यंत."

भिंतीवर रामजींचा कागद टांगलेला होता. मूळ मोडीतला होता, कुणा मास्तरांनी तो बाळबोधीत उतरवून दिला होता, त्याची ही नक्कल. दर वर्षी जेवणाआधी तो वाचायचा आणि हुकूम झाला की सगळ्यांनी "जय भवानी" म्हणायचं. हुकमाखाली बारीक अक्षरात आणखी बऱ्याच ओळी होत्या. पण तोवर नारळीभाताचा वास सुटलेला असायचा, आणि बँकेच्या कर्जाच्या अटी कुणी वाचतं का, तशीच त्या ओळींची गत होती. बापूंनी स्वतः त्या कधी वाचल्या नव्हत्या.

"ऑल ऑफ इट?" समिधाने विचारलं. "आजोबा, आय अ‍ॅम स्टार्विंग."

"ऑल ऑफ इट," बापू म्हणाले.

समिधाने वाचायला सुरुवात केली. "रामजी बिन सोनजी तांडेल, दिमत गुराब. दर्यात झुंज जाहली ते समयी गोळा लागोन उजवा हात कोपरापासोन जाया जाहला. सरकारकामावर जायबंदी जाहला. सबब सालाबाद नारळी पौर्णिमेस किल्ल्याचे कोठीतून पान एक देत जाणे."

"जय भवानी!" श्रीनाथ आणि धनंजय सवयीने ओरडले. रफिकनेही हौसेने हात वर केला.

"अजून आहे," बापू म्हणाले. "वाच गं."

"तपशील," समिधा वाचू लागली, आता अडखळत. "डावे हाताची बोटे भाजोन आखडली. घास धरवत नाही. दुसरियाचे हाते जेवतो. मशार... मशारनि... व्हॉट इज धिस वर्ड?"

"सोड. पुढे."

"...यास घरचे पान आहेच. त्यास भरवणारे माणूस मागाहून गार जेवते, ऐसे किल्लेदारे लिहिले. सबब कोठीचे पान रामजीस नव्हे. त्यास जो भरवील त्या माणसास द्यावे. माणसाने ऊन जेवावे." तिने मान वर केली. "सो बेसिकली, इट्स फॉर द पर्सन हू फीड्स हिम."

मग धनंजय मोठ्याने हसला.

"म्हणजे इतकी वर्षं आपण दुसऱ्याचंच पान खातोय! रफिकभाई, बघा, आमच्या घरात पहिल्यापासून घोटाळा आहे."

"किल्लेदार शरीफ आदमी होता," रफिक म्हणाला. "एवढ्या लढाईत त्याने हे बघितलं, कोण गार खातंय."

"बरं, पण आता कोण कुणाला भरवतंय?" धनंजय म्हणाला. "सगळे आपापल्या हाताने जेवतात. तपशील खलास. चला बापू, बसा, नाहीतर ठरवू या."

बापूंनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. सुलभा हातात डाव घेऊन तिथे उभी होती. तिने त्यांच्याकडे पाहिलं आणि अगदी हलकेच, कुणाला कळू नये अशी मान हलवली. नको, असं ती म्हणत होती. तुम्ही बसा, मी मुदी घट्ट दाबल्यात.

आणि बापूंना एक साधी गोष्ट सुचली, जी इतक्या महिन्यांत सुचली नव्हती. ही कधी जेवते? दुपारी त्यांना भरवून झालं की ते आडवे व्हायचे. तिचं ताट कुठे असतं, त्यातलं अन्न गरम असतं की गार, तिला भूक लागते की नाही, यातलं त्यांना काहीही ठाऊक नव्हतं. आमटी खारट झाली की ते तिला सांगायचे. एवढंच. बापूंना स्वतःची लाज वाटली, आणि ती वाटताना चांगली झोंबली.

अर्थात बापू ते बापूच. त्या लाजेच्या मागोमाग दुसराही विचार आला, की पाटावर सून बसली तर दोन्ही मुलगे उभेच राहतील. या विचारात लबाडी होती. पण लाज खरी होती आणि ती आधी आली होती.

"गिरिजा, उपरणं ठेव बाजूला," ते म्हणाले. "माझा हात बांधू नकोस."

"म्हणजे?"

"म्हणजे मी बसत नाही." श्रीनाथ आणि धनंजय दोघे एकदम पुढे झाले. "तुम्हीही नाही. कोण कुणाला भरवतं म्हणून विचारलंस ना, धनंजय? मला सुलभा भरवते. दोन्ही वेळ. फेब्रुवारीपासून."

"काहीतरीच काय, बापू!" सुलभा म्हणाली. तिचा चेहरा लाल झाला होता. "आत्या, त्यांना जरा बरं नाहीये..."

"पण बापू," श्रीनाथला कळेचना, "शुक्रवारी तर तुमचा उपास..."

"कसला उपास! शनिवारी दुप्पट हाणतो."

"अहो पण डावा हात तर आहे," धनंजय म्हणाला. "आत्ता तुम्ही बसणार होतात त्याने."

बापूंनी मांडीखालचा हात काढला आणि सगळ्यांसमोर धरला. तो थरथरत होता. त्यांनी तो थांबवायचा प्रयत्न केला नाही. सकाळपासून पहिल्यांदाच केला नाही. धनंजय बघत राहिला. मग तो खाली पाटाजवळच बसला, आणि त्याच्या चेहऱ्यावरची सगळी हुशारी कुठल्या कुठे गेली.

"मला फोन करायचात ना, बापू," तो म्हणाला. "आलो असतो मी."

"अल बर्शाहून? दोन्ही वेळ?" सुरुची हळूच म्हणाली. "तुम्ही पोचेपर्यंत बापू उपाशी झोपले असते." मग तिने सुलभाचा हात धरला. "ताई, एका शब्दाने बोलला नाहीत. मी आले असते की दुपारची."

"त्यांना नको होतं कुणाला कळायला," सुलभा म्हणाली.

आता सगळे आत्यांकडे बघू लागले, कारण रिवाजाच्या बाबतीत त्यांच्या शब्दापुढे कुणी जात नसे. त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला होता.

"बाबांना शेवटची चार वर्षं आई भरवायची," त्या म्हणाल्या. "बापू, तू तेव्हा इथे दुबईला होतास. पौर्णिमेला काका पाटावर बसायचा, सगळे पुरुष त्याच्याभोवती. आई आत बाबांना भरवायची. मग सगळ्यांची उष्टी काढून, चुलीपाशी बसून, खरवडलेला भात खायची. कागद तेव्हाही भिंतीवरच होता." त्या थांबल्या, नाक पुसलं आणि एकदम खेकसल्या, "बघत काय बसलात? सुलभा, पाटावर बस!"

"आत्या, मी कशी..."

"बस म्हणते ना! भात निवतोय."

सुलभा बसली, डाव अजून हातातच. सुरुचीने तो काढून घेतला. आत्या सवयीने उपरणं घेऊन तिच्या मागे गेल्या आणि उजवा हात पाठीमागे ओढू लागल्या.

"अहो आत्या, हात बांधलात तर भरवू कशाने?"

आत्या उपरणं हातात घेऊन उभ्या राहिल्या. रफिकला पहिल्यांदा हसू आलं, मग समिधाला, मग आवरेचना कुणाला.

हसणं ओसरल्यावर धनंजयने घसा साफ केला. धंद्याचा माणूस, दु:ख झालं तरी मुद्दा विसरत नव्हता. "वहिनी, मग दुकानाचं काय? रफिकभाईंना उत्तर द्यायचंय. शब्द आता तुमचा."

"विकायचं नाही हे आधीच..." श्रीनाथ सुरू झाला.

"अहो, पान कुणाचं?" सुलभाने विचारलं, आणि श्रीनाथ गप्प झाला. लग्नानंतर इतक्या पटकन तो कधी गप्प झाला नव्हता. "यंदा काही विकायचं नाही, भाऊजी. पण गाळा तुम्ही दोघांनी जाऊन बघायचा. एका गाडीतून. इथून इंटरनॅशनल सिटीला, संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये. जाऊन आलात की मग मला सांगा."

"एका गाडीतून?" दोघे भाऊ एकदम म्हणाले.

"वहिनी, दोन तास लागतील!"

"लागू देत. रफिकभाई, गाळा महिनाभर थांबेल ना?"

"इन्शाल्ला," रफिक म्हणाला. "हे दोघं एका गाडीत बसणार असतील तर मी दोन महिने थांबवतो."

सुलभाने मुद फोडली. वाफ निघाली. तिने पहिला घास घेतला, आणि भुकेल्या माणसाचा घास असतो तसा मोठा घेतला. नारळीभात ऊन होता, गोडसर, लवंगेच्या वासाचा. तिने डोळे मिटले. बापू तिच्याकडे बघत होते. जेवताना तिला ते पहिल्यांदाच बघत होते.

आता सगळ्यांनी जेवायला हरकत नव्हती. पण कुणी ताटाला हात लावला नाही. सुलभाने दुसरा घास केला, बोटांनी नीट वळला आणि पाटावर बसल्या बसल्या बापूंकडे वळली. घास हवेत धरलेला होता. हॉलमध्ये दोन मुलगे होते, धाकटी सून होती, बहीण होती, नात होती, खाडीपलीकडचा पाहुणा होता. लावायला दार नव्हतं.

"गरम आहे," सुलभा म्हणाली.

बापूंनी एकदा सगळ्यांकडे पाहिलं आणि तोंड उघडलं.